आपल्या मेंढ्यांकडे वळू या

३ मार्च, सोमवार. सकाळ

टक्. टक्-टक्. टक्.

कवितेच्या तासाला मास्तर बोटातली अंगठी टेबलावर आपटून ताल धरायचे, तो आवाज. आज पहाटे झोपेत स्वच्छ ऐकला. आम्ही सगळी मुलं त्या तालावर डोलत कविता म्हणायचो. कळायची एकालाही नाही, पण पाठ सगळ्यांना. जागा होऊन पाहिलं तर बाथरूमचा नळ गळत होता. असो. शकुन तो शकुनच.

संकल्प: रोज या वहीत चार ओळी फ्रेंचमध्ये लिहायच्या. आजपासून.

दुपार

उद्यापासून.

४ मार्च

फ्रेंचमध्ये तारीख लिहायला बसलो. मार्च तिकडेही जवळपास मार्चच. उत्साह वाढला. पुढचं मराठीत लिहितो, म्हणजे विचारांचा ओघ तुटणार नाही.

तर, फ्रेंच कशासाठी? विहीणबाईंसाठी. मुलीच्या लग्नाला चार वर्षं झाली. लग्न तिकडेच झालं, माझ्या छातीच्या डॉक्टरने विमानाला नकार दिला, आणि आम्ही ते पडद्यावर पाहिलं. विहीणबाईंची प्रत्यक्ष भेट अजून व्हायचीय. आता एप्रिलच्या बारा तारखेच्या सुमाराला मुलगी, जावई आणि विहीणबाई, तिघं आठ दिवसांसाठी येताहेत. प्रश्न एवढाच आहे की उतरणार कुठे, आपल्या घरी की हॉटेलात.

मुलीचा कल हॉटेलकडे. कारण, मी. ती म्हणते, बाबा, तुम्ही बोलत सुटता, मी मध्ये बसून भाषांतर करत राहते, आणि माझं जेवण गार होतं. शिवाय लग्नातला तो प्रकार तिने मनात ठेवलाय. मला दोन शब्द आशीर्वादाचे बोला म्हणाले होते. मी एक कविता म्हटली. विहीणबाईंना वाटलं प्रार्थना आहे, त्या हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना बघून सगळा हॉल उभा राहिला. सूप निवलं म्हणे. दोष कुणाचा? मी कुणाला उभं राहा म्हटलं होतं का?

मी सांगून टाकलं, मी फ्रेंच शिकतोय, तुझ्या आईच्या हातचं गरम गरम जेव, दुभाष्याची गरजच पडणार नाही. ती म्हणाली, बघू, महिनाअखेर सांगते. मागे नेहमीसारखा रेडिओ चालू होता. त्यांच्या घरी तो कधी बंद म्हणून नसतो.

हिने ताबडतोब मागच्या खोलीतला माझा पुस्तकांचा ढीग हलवायला घेतला. महिनाअखेरची वाट पाहायची पद्धत हिच्याकडे नाही.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळ

फ्रेंचचा वर्ग. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, बालविभागात. खुर्च्या बालकांच्याच, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागतात, आणि बाई माझ्या मुलीहून लहान. पण बाई म्हणजे बाई. त्या आत आल्या की मी उभा राहतो. मला उभं राहायला वेळ लागतो, तोवर त्यांचं फळ्यावर अर्धं लिहून झालेलं असतं.

आज बाईंनी जाहीर केलं, प्रत्येकाने एक फ्रेंच वाक्प्रचार वर्गाला समजावून सांगायचा, वेळ पंधरा मिनिटं. चिठ्ठ्या टाकल्या. कोपऱ्यावरच्या केमिस्टला ससा आला. एखाद्याला भेटीची वेळ देऊन गेलंच नाही, तर तिकडे म्हणतात, त्याने त्याच्यासमोर ससा ठेवला. नर्सला सफरचंदं आली. चक्कर येऊन पडलं की तिकडचा माणूस सफरचंदांत पडतो. नर्स म्हणाली, आमच्या वॉर्डात रोज दोघं-तिघं पडतात, पण फरशीवर.

मला चिठ्ठी काढायला लावली नाही. बाईंनी डबा बाजूला ठेवला, आणि एक कागद आपल्या हाताने लिहून माझ्या हातात दिला. ज्येष्ठत्वाचा मान. माझं वाक्य: रव्हनों आ नो मुतों. अर्थ, आपल्या मेंढ्यांकडे परत येऊ या. बोलताना विषय सुटला, भलतीकडे गेला, की गाडी रुळावर आणायला म्हणायचं.

देताना बाईंनी तोंडावर रुमाल धरला. सर्दी असावी.

किती सुंदर! मेंढ्या, माळ, सांज, मेंढपाळाची हाक. केमिस्टच्या हाती दिलं असतं तर त्याने मेंढ्यांना डोस लिहून दिला असता, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

आता योजना पक्की. वर्गात हे वाक्य समजावून देणं ही रंगीत तालीम. खरा प्रयोग जेवणाच्या टेबलावर, विहीणबाईंसमोर. गप्पा जरा भरकटल्या की मी सहज, पाण्याचा पेला उचलता उचलता म्हणणार, रव्हनों आ नो मुतों. मुलीने घास हातात धरून बघत राहायचं.

९ मार्च

सकाळी गच्चीत जाऊन वाक्याचा सराव केला. शेवटचा शब्द नाकातून काढायचा असतो. दहा-बारा वेळा मोठ्याने काढला. खाली आलो तर ही दारातच. म्हणाली, अहो, काय ते सकाळी सकाळी गच्चीवरून ओरडताय, वरच्या मजल्यावरचे विचारून गेले की आजोबांना लघवीचा त्रास आहे का.

भाषेला समाजाकडून असा विरोध व्हायचाच.

यापुढे सराव मनात.

१२ मार्च

मनातला सराव उत्तम चाललाय. मनात माझा उच्चार थेट तिकडच्यासारखा येतो.

वाचनालयातून या वाक्याचं मूळ शोधून काढलं. कैक शतकांपूर्वीचं एक फ्रेंच प्रहसन आहे. एका कापडवाल्याने आपल्या मेंढपाळावर फिर्याद केली, की याने माझ्या मेंढ्या मारल्या. कोर्टात येऊन बघतो तर मेंढपाळाचा वकील तोच, ज्याने काही दिवसांपूर्वी याचंच कापड फुकट लांबवलेलं. कापडवाल्याचं डोकं फिरलं. मेंढ्यांचं सांगता सांगता तो कापडावर जातो, न्यायाधीश त्याला मेंढ्यांवर आणतो, तो पुन्हा कापडावर. शेवटी न्यायाधीश वैतागून ओरडतो, अरे बाबा, त्या मेंढ्यांकडे परत ये!

हिला सांगितलं. ऐकता ऐकता ही कणीक मळत होती. शेवटी एवढंच म्हणाली, मग बिचाऱ्याला मेंढ्यांचे पैसे मिळाले का? मी म्हटलं, तो मुद्दा नाही. ही म्हणाली, त्याच्यासाठी तोच होता.

कापडवाल्याची गोष्ट वाचताना लहानपणीचं कापडाचं दुकान आठवलं. त्यावर एक कविता सुचतेय.

१३ मार्च

कविता झाली. फ्रेंच झालं नाही.

१५ मार्च, शनिवार

आज केमिस्टचा ससा. उभा राहिला आणि म्हणाला, समजा मी तुम्हाला पाच वाजता दुकानात बोलावलं आणि स्वतःच आलो नाही, तर मी तुमच्यासमोर ससा ठेवला. धन्यवाद. आणि बसला. पंधरा मिनिटांपैकी चौदा तशीच पडून राहिली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. नर्सने तर त्या वाक्याचा तिथल्या तिथे उपयोगही केला, म्हणाली, आमच्या प्लंबरने गेले दोन आठवडे रोज ससा ठेवलाय.

आमच्याही प्लंबरने, नळ अजून गळतोच आहे. पण यात रस कुठे? सशाचे कान कुठे, त्याची लुकलुक कुठे? मास्तर म्हणायचे, कविता घाईत सांगितली की ती निरोप होते. केमिस्टने निरोप दिला.

घरी येताना त्याने दुकानात थांबवून विचारलं, काका, तुमचं झालं का तयार? मी म्हटलं, प्रस्तावना झालीय. तो म्हणाला, वेळ लावून बघा एकदा. मी म्हटलं, नदीला कोणी घड्याळ लावतं का? त्याने माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पुड्यात बांधल्या आणि म्हणाला, नदीला नाही, वर्गाला लावतात.

ऑफिसात आमचे साहेब माझ्या पत्रांना कादंबरी म्हणत. वीज का तोडली ते ग्राहकाला कळवायचं असायचं. मी आधी उजेडाचं महत्त्व सांगायचो. पुष्कळ लोक वाचून भरायचे बिल. काही फक्त वाचायचे.

१९ मार्च

भाषणाचा आराखडा. नमस्कार एक मिनिट. वाक्याचा अर्थ दोन मिनिटं. मूळ गोष्ट पाच. उदाहरणं पाच. उरलेली दोन मिनिटं टाळ्यांना. कोण म्हणतो मला आटोपशीर बोलता येत नाही?

संध्याकाळी

आराखड्यात मास्तरांना जागाच राहिली नाही, हे बरोबर नाही. मेंढ्यांवर शब्द बोलायचा आणि मास्तरांच्या मेंढपाळाच्या कवितेला वगळायचं, हे कृतघ्नपणाचं होईल. त्यांनी ती स्वतः रचली होती, कुठल्याच पुस्तकात नाही, आता फक्त माझ्याकडे आहे. टाळ्यांची दोन मिनिटं कवितेला दिली. टाळ्या मधेमधे वाजतीलच.

२१ मार्च

हिच्या विणकामाच्या पिशवीतली पांढरी लोकर घेऊन पुठ्ठ्याच्या मेंढ्या केल्या. शिकवताना वस्तू दाखवावी, डोळ्यांनी पाहिलेलं विसरत नाही. तीन झाल्या. चौथीला पाय कमी पडले, तिला बसलेली केली.

लोकर विहीणबाईंच्या मफलरची होती. हिने एक मेंढी उचलून उलटीसुलटी पाहिली. मग म्हणाली, आता त्यांना मफलर गळ्याभोवती नाही, बोटाभोवती गुंडाळता येईल.

मागची खोली तयार आहे. हिने नव्या चादरी घातल्या, उशांना खोळी शिवल्या, खिडकीचा पडदा धुऊन पुन्हा लावला. मुलगी चार वर्षांनी येतेय, ती कुठल्या कुशीवर झोपते, पहाटे तिला पाणी लागतं, हे सगळं ही एकटीच बोलत होती. मीही बोलणार होतो, पण मेंढीचा पाय चिकटवत होतो.

२३ मार्च, रविवार

मुलीचा फोन. आता योग्य वेळ आली असं वाटून, जावई ऐकू शकेल एवढ्या आवाजात म्हटलं, रव्हनों आ नो मुतों!

ती म्हणाली, बाबा, वाक्य बरोबर आहे, उच्चारही चालेल. पण हे तुम्ही म्हणायचं वाक्य नाही. तुमच्यासमोर बसलेल्याने म्हणायचं वाक्य आहे.

मग हसली. खूप दिवसांनी अशी हसली. जावईही हसला, म्हणजे तिने त्याला भाषांतर करून सांगितलं. पाहा, एका वाक्यात दोन घरं हसवली. हॉटेलचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. नव्याण्णव टक्के आपल्याकडेच.

मागे रेडिओ चालू होता, भराभर. कसली एवढी बातमी असते रोज, कोण जाणे.

२९ मार्च, शनिवार. संध्याकाळ

भाषण झालं. अभूतपूर्व म्हणावं लागेल. दमलोय, पण ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

सुरुवात मास्तरांच्या अंगठीने केली. माझ्याकडे अंगठी नाही, म्हणून बाईंच्या टेबलावर चाव्या आपटल्या. टक्, टक्-टक्, टक्. सगळे एकदम गप्प. यालाच वातावरणनिर्मिती म्हणतात. मग मास्तर कसे होते ते सांगितलं, म्हणजे त्यांचा कोट, त्यांची चाल. मग त्यांची कविता म्हटली:

माळावरती मेंढरं सांडली,
सांज तयांच्या पाठी मांडली,
हाक मारतो मेंढपाळ, पण
वाट घराची कुठे सांडली?

अठरा कडवी आहेत, मी आठच म्हटली. त्यागाची सवय आहे. नर्सने हात वर करून विचारलं, काका, हे फ्रेंच आहे का? मी म्हटलं, उत्तम प्रश्न, भावनेला भाषा नसते. ती म्हणाली, नाही, म्हणजे लिहून घ्यायचं का?

मग गोष्ट. कापडवाला कोर्टात आला, इथवर नीट पोचलो. पण कापड म्हटल्यावर वडिलांनी आणलेलं कापड आठवलं. एकदा त्यांना एकाच छापाचा अख्खा तागा स्वस्तात मिळाला, आणि त्यात आम्हा पाचही भावंडांचे सदरे-झगे, आईचं पोलकं आणि खिडकीचा पडदा निघाला. संध्याकाळी दिवा लागला की आई खिडकीशी उभी आहे की नाही ते रस्त्यावरून कळत नसे. वर्ग खळखळून हसला. हसलेल्या वर्गाला कोण सोडून जातो? मी शिंप्यावर गेलो. शिंप्याचा एक पाय लांब होता. त्यावरून सायकलवर गेलो. सायकलवरून नदीपर्यंत पोचलो, तेव्हा मागच्या खुर्चीवरून केमिस्ट उठला, उठताना खुर्ची त्याच्याबरोबर उठली, ती त्याने सोडवली, आणि खणखणीत म्हणाला, काका, रव्हनों आ नो मुतों!

टाळ्या! सगळ्यांनी, नर्सने, बाईंनी, अगदी जिन्यात उभ्या असलेल्या वाचनालयाच्या शिपायानेसुद्धा. मग एकेकाने ते म्हणायला सुरुवात केली, शेवटी सगळा वर्ग एका सुरात म्हणत होता. आम्ही लहानपणी म्हणायचो तसं. माझे डोळे भरून आले.

वेळ तेव्हा संपलीच होती. अर्थ सांगायचा राहिला. मेंढ्याही पिशवीतच राहिल्या. पण बाई स्वतः म्हणाल्या, काका, आजवर कुणी वाक्प्रचार समजावून सांगितला असेल, तुम्ही तो करून दाखवलात. आता हा कुणी जन्मात विसरणार नाही.

हे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतोय. मुलीला ऐकवीन.

जिना उतरताना केमिस्ट म्हणाला, काका, नदीवर पुढे काय झालं? मी म्हटलं, वेळ संपली ना. तो म्हणाला, हो, पण तरी.

३० मार्च, रविवार

हॉटेल.

फोनवर कालचा वृत्तान्त सांगायला घेतला. मास्तर, कविता, कापड. शिंप्यापर्यंत आलो होतो. मुलगी म्हणाली, बाबा, एक मिनिट. आम्ही हॉटेलच बुक केलंय. नाराज होऊ नका. बारा तारखेला, शनिवारी दुपारी जेवायला येतो, दोन तास निवांत बसू. मी म्हटलं, अगं, पण माझं फ्रेंच. ती म्हणाली, तेच तर. आता तर तुम्ही दोन भाषांत बोलाल. तुम्ही आणि त्या, एका घरात, आठ दिवस, आणि मधे मी. नाही झेपणार मला.

माझ्या लक्षात आलं. विहीणबाई बिचाऱ्या अबोल, संकोची असणार. समोर एवढा भाषेचा व्यासंगी माणूस, त्या मिटून जातील ही तिला भीती. सासूची काळजी घेते पोर. संस्कार आहेत.

हिने फोन मागितला नाही. लांबून ऐकत होती. मग मागच्या खोलीत गेली. पलंगावरच्या नव्या चादरी काढल्या, घड्या केल्या, कपाटात ठेवल्या. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी दारात उभा राहून म्हटलं, गादी जरा कडक होती, तेही एक कारण असेल. ही म्हणाली, हो, गादीच असेल.

हिने हो म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका दमात हो म्हटलं, आणि मला ते आवडलं नाही.

३१ मार्च

संकल्प, आणि हा अखेरचा. मौन. शनिवारच्या जेवणाला मी तीन वाक्यं बोलणार. या, बसा, पुन्हा या. तिन्ही फ्रेंचमध्ये. मुलीने स्वतः पाहावं. बघितल्यावर म्हणेल, अरे, बाबा तर बोलतच नाहीत, मग हॉटेल कशाला? आणि हिच्या चादरी पुन्हा बाहेर निघतील.

आजपासून सराव सुरू. घरात मौन.

दुपारी

हिने विचारलं, चहा टाकू का? मी मानेने हो म्हटलं. मग ती विचारेना की मौन कशाबद्दल, म्हणून मलाच सांगावं लागलं. सांगताना चहा गार झाला.

२ एप्रिल

मौन. सकाळी दोन तास टिकलं. मग मौनाचं माहात्म्य या विषयावर हिच्याशी बोललो.

५ एप्रिल, शनिवार

वर्गाला गेलो नाही. मौनात वर्ग कसा करणार? शिवाय थोडा रुसलोही होतो, कुणावर ते ठरवलेलं नाही.

संध्याकाळी गोळ्या आणायला गेलो तर केमिस्ट म्हणाला, काका, आज आमच्यासमोर ससा ठेवलात. नर्सने सफरचंदं छान सांगितली म्हणे, एका रुग्णासकट. सगळ्यांनी विचारलं, काका कुठे? मी बोटाने तोंडाकडे खूण केली, मौन. त्याला वाटलं दात दुखतोय. गोळी दिली.

घेतली. आता वाद कोण घालणार?

९ एप्रिल, बुधवार

तिघं उतरले. मुलीचा हॉटेलातून फोन. आवाज थकलेला. परवा भेटायला येते, आज-उद्या झोपते म्हणाली. माझं उत्तर: बरं. एकच शब्द. ती म्हणाली, बाबा, तब्येत ठीक आहे ना? पुढे सांगावंसं वाटलं, पण गिळलं. हा विजय मानायचा की काय, ठरत नाहीये.

एकाच शहरात पोर झोपलीय, आणि ही मागच्या खोलीच्या दारातून आत डोकावून येते. काही करायचं नसतं तिथे. नुसती जाऊन येते.

१० एप्रिल, गुरुवार. दुपारी चार

मौनाचा शेवटचा टप्पा चालू आहे. तीन वाक्यं पाठ आहेत. पैकी दोन आत्ता आठवताहेत. मेंढ्यांचं वाक्य मात्र झोपेतून उठवलं तरी येतं, पण ते म्हणायचं नाही हे ठरलंय.

बेल. प्लंबर असणार. पाच आठवडे ससे ठेवून आत्ता उगवला. त्याला चांगलं ऐकवणार आहे, त्याच्यापुरतं मौन सोडतो.

संध्याकाळी सहा

प्लंबर नव्हता.

दारात एक बुटक्या, निळ्या कोटातल्या बाई. शेजारी सुटकेस. हातात कागद, त्यावर मुलीच्या अक्षरात आमचा पत्ता. फोटोतल्याच. विहीणबाई! एकट्या!

मी सरळ उभा राहिलो. छाती भरून श्वास घेतला. पहिलं वाक्य, या, हे ओठांवर आणलं.

त्या सुरू झाल्या. आवाज ओळखीचा, फोनमागच्या त्या रेडिओचा.

कुठून सुरू झाल्या सांगता येत नाही, बहुधा विमानतळापासून. दोन्ही हातांनी टॅक्सीचं चाक फिरवून दाखवलं. मग हॉटेल. तळहात गालाखाली धरून झोप दाखवली, म्हणजे मुलगा-सून झोपलेत. मग बोटाने स्वतःकडे, मग चार भिंती, मग दोन्ही हात वर, म्हणजे मी तिथे बोलू कुणाशी? एवढं मला कळलं. त्यापुढे एक कोंबडी आली. कोंबडीवरून त्या कुणाच्या तरी लग्नावर गेल्या, तिथून एका जिन्यावर, जिन्यावरून कोणी तरी पडलं, त्यावर त्या स्वतःच खूप हसल्या, डोळे पुसले, आणि पुन्हा कोंबडी.

आयुष्यात प्रथमच ते वाक्य मी म्हणायची वेळ आली होती. अचूक वेळ. अचूक जागा. जिभेवर तयार होतं. त्या श्वास घेतील म्हणून मी वाट पाहिली. त्या श्वास घेता घेता बोलतात. दोनदा मी रव्ह एवढं म्हणालो. त्यांनी तो हुंकार समजला आणि आणखी जोमाने पुढे गेल्या.

दार धरून उभा राहिलो. हात दुखायला लागला.

ही आतून आली. त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सुटकेस उचलली आणि मागच्या खोलीत नेली. त्या बोलत बोलत हिच्या मागोमाग.

तेवढ्यात मुलीचा फोन. घाबरीघुबरी. बाबा, सासूबाई हॉटेलात नाहीत, तुमच्याकडे आल्यात का? मी फोन नुसता मागच्या खोलीच्या दिशेने धरला. तिने जरा वेळ ऐकलं. मग लांब उसासा टाकला. म्हणाली, मी म्हटलं नव्हतं, तुम्ही दोघं? आता त्या हलायच्या नाहीत. आम्हीही बॅगा घेऊन येतो. आईला सांगा, मला भूक लागलीय.

सांगायला गेलो. दारातच थांबलो.

विहीणबाई पलंगावर बसून सांगताहेत, हात कोंबडीसारखे हलवून. ही उशांना खोळी चढवतेय. एक शब्द कळत नाही हिला. पण बरोबर जागी हं म्हणते, बरोबर जागी अगंबाई म्हणते, मान हलवते, आणि हातातलं काम एकदाही थांबत नाही.

चाळीस वर्षांचा सराव आहे हिचा.